कानवाल्यांचा शेवटचा अहवाल

कानवाल्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता बँकेतल्या बाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. कारखान्यांत ते कानवाले, मालकलोकांत कानसाहेब, आणि जुन्या गिरणीतले सोबती भेटले तर नुसतेच ‘कान’. बायको ‘अहो’ म्हणायची, मुलगी ‘बाबा’. नाव असं हरवल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसाला साठी यायच्या आत नवं नाव मिळालं, याचा त्यांना केवढा तरी अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

धंदा सांगायला सोपा होता. कारखान्यात जायचं. यंत्र चालू असतानाच फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगच्या लोखंडी घरावर कमरेएवढ्या लांबीची काठी टेकवायची, तिचं दुसरं टोक उजव्या कानामागच्या हाडावर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. मग डोळे उघडून सांगायचं, हे बेअरिंग अजून किती दिवस काढेल. काठी शिसवीची, दोन्ही टोकांना झिजून गुळगुळीत झालेली. गिरणीत फिटर असताना त्यांच्या उस्तादाने ती दिली होती. गिरणी बंद पडली तेव्हा हिशेबाच्या पाकिटाखेरीज त्यांनी घरी आणलेली ती एकच वस्तू.

पहिल्या वर्षी हा धंदा आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. ओळखीचा कुणी बोलवायचा, हे जायचे, काठी लावायचे, चहा पिऊन परत यायचे. एका तेलाच्या घाण्यावर त्यांनी सांगितलं, हा पंप गुरुवारी बसेल. सगळे हसले. पंप बुधवारी संध्याकाळी बसला. एका दिवसाच्या चुकीबद्दल कुणी तक्रार केली नाही, पण त्या एका पंपावर त्यांना पुढची चार गिऱ्हाइकं मिळाली.

धंद्याला आकार दिला तो मुलीने. विमा कंपनीतली बरी नोकरी सोडून तिने बापाचं काम हातात घेतलं. पुढच्या खोलीतलं आईचं शिलाई मशीन बोळात गेलं आणि तिथे टेबल, संगणक आणि फायलींचं कपाट आलं. आई चार दिवस घुश्शात होती, मग बोळातल्या उजेडात शिवायला शिकली. मुलीने पहिला नियम केला, “बाबा, चहा प्यायचा, पण निघताना कागद ठेवायचा.” कागद म्हणजे अहवाल. दुसरा नियम, तोंडी बोलावणं घ्यायचं नाही, वर्षाचा करार करायचा आणि दर तीन महिन्यांनी भेट द्यायची. तिसरी गोष्ट नियम नव्हती, कार्ड होतं. त्यावर कानाचं सुबक चित्र, त्याखाली ‘स्वतंत्र यंत्र सल्लागार’ आणि त्याखाली एक ओळ: ‘उपकरणाशिवाय अचूक निदान’. ती ओळ कानवाल्यांनी स्वतः सुचवली होती. मोठ्या कंपन्या यंत्रांची थरथर मोजणारं मीटर घेऊन यायच्या, दोन दिवस तारा लावत बसायच्या आणि भलंमोठं बिल द्यायच्या. कानवाले एका सकाळीत काम उरकायचे. लहान मालकांना दुसरं काय हवं असतं?

सात करार होते त्याचे पाच वर्षांत बावीस झाले. आणि नेमक्या त्याच वर्षांत कान गेला.

एकदम गेला असता तर बरं झालं असतं, माणसाने हाय खाल्ली असती आणि मोकळा झाला असता. पण तो पायरीपायरीने गेला. आधी पाखरांचे आवाज गेले. मग घड्याळाचा गजर, मग पलीकडच्या खोलीतला फोन. जाड आवाज मात्र जिथल्या तिथे होते, ट्रकचे, ढोलांचे, मोटारींच्या गुरगुरीचे, त्यामुळे आपल्याला ऐकू येतंय अशी समजूत पक्की राहिली. पहिल्यांदा ओळखलं ते बायकोने. ती पाठीमागून बोलली की उत्तर यायचं नाही आणि समोरून बोलली की यायचं. महिनाभर तिला वाटलं नवरा रागावलाय. रागावण्यासारखं आपण काही केलेलं नाही हे आठवून पाहिल्यावर तिने एक दिवस मुद्दाम त्यांच्या मागे पितळी झाकण फरशीवर टाकलं. ते वर्तमानपत्र वाचत राहिले.

दोघं गुपचूप गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने कानाला यंत्र लावलं, कागदावर उतरत जाणारी एक रेघ काढली आणि विचारलं, “इतकी वर्षं कारखान्यात काढलीत, कानांत बोळे घालत होता का?”

“कानावर पोट आहे माझं,” कानवाले म्हणाले. “बोळे घालून कसं चालेल?”

“बारीक आवाज गेलेत. परत येणार नाहीत. राहिलेत तेवढे जपा.”

आता बेअरिंगचं असं असतं की ते बिघडायला लागतं तेव्हा आधी बारीक बोलतं. वाळूचा एखादा कण दाताखाली यावा तसं. जाड आवाजात ओरडायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, तेव्हा ते कुणालाही ऐकू येतं आणि त्यासाठी सल्लागार लागत नाही. म्हणजे ज्याचे पैसे मिळायचे नेमकं तेच गेलं होतं. हे डॉक्टरला कळलं नाही. कानवाल्यांना जिना उतरताना कळलं. ते मधल्या पायरीवर कठडा धरून थांबले.

“तिला सांगा,” बायको त्यांच्या समोर येऊन म्हणाली. “पोरीने नोकरी सोडलीय तुमच्या भरवशावर.”

“सांगतो.”

“कधी?”

“हे नवे चार करार होऊ देत.”

करार झाले. मग आणखी तीन आले. डॉक्टरचा रेघेचा कागद हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या खाली गेला. बायकोने दोनदा धमकी दिली, “तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.” पण तीही मूग गिळून बसली. मुलगी रोज नवा उत्साह घेऊन टेबलाशी बसायची, तिच्या तोंडावर कोण बोलणार?

मग काम कसं चाललं? इथे त्यांची हुशारी मान्य करायला हवी. काठी लावायच्या आधी ते यंत्रावरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, “काय म्हणतोय आज हा?” दहा दहा वर्षं एका यंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला आजवर कुणी काही विचारलेलं नसतं. तो भडाभडा बोलायचा. डाव्या बाजूला कालपासून कुरकुरतो, गरम होतो, सुरू करताना शिट्टी मारतो. कानवाले त्याच्या ओठांकडे बघत सगळं टिपून घ्यायचे. मग काठी लावून डोळे मिटायचे, मान हलवायचे, आणि त्याने सांगितलेलंच मालकाला आपल्या शब्दांत सांगायचे. दोन वर्षं एकही अंदाज चुकला नाही. खरं तर या पद्धतीत शहाणपण होतं. ‘मी तुमच्या माणसांना विचारतो, तुम्हीही विचारत जा,’ एवढं उघड सांगितलं असतं तरी तो प्रामाणिक सल्ला झाला असता. पण कार्डावर कान होता. आणि प्रत्येक अहवालाची पहिली ओळ मुलीने एकदा टाइप करून ठेवलेली होती: ‘स्वतः ऐकून तपासले.’

मध्यंतरी मुलीने एका मीटरचं माहितीपत्रक आणलं. हातात मावणारं, सेलवर चालणारं, बेअरिंगला टेकवलं की आकडा दाखवणारं.

“बाबा, हे घेऊया. दोन महिन्यांच्या कामात वसूल होईल.”

“मग माझी काय गरज?” कानवाले एवढ्या जोरात बोलले की बोळातलं शिलाई मशीन थांबलं. “आकडाच बघायचा तर कुणीही जाईल. ही काठी टाकून देऊ का?”

“असं कुठे म्हणतेय मी?”

“नको ते. पुन्हा काढू नकोस तो विषय.”

एवढी साधी गोष्ट. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर त्यांचा धंदाही राहिला असता, आणि एका माणसाचा हातही. त्यांना भीती वाटत होती की मीटर घेतलं की लोक विचारतील, आत्ताच का? माणूस आपलं बिंग सांभाळायला बसला की त्याला दुसरं काही दिसत नाही. मला त्यांचा राग येतो तो इथे.

ज्या भेटीबद्दल सांगायचं आहे ती एका पुठ्ठ्याच्या कारखान्यातली. तिथे ओले पुठ्ठे वाळवायला माणसाच्या दुप्पट उंचीचा पंखा होता. अकरा वर्षं एकच माणूस त्याच्यावर होता, त्याला सगळे पंखेवालाच म्हणत. चाळिशीचा, हडकुळा, बोलायला गोड. आधीच्या प्रत्येक भेटीत त्याने पंख्याचं दुखणंखुपणं आपल्या मुलाचं सांगावं तसं सांगितलं होतं.

त्या दिवशी मुलीने तीन कारखाने लावले होते. काम वाढवायचं म्हणजे दिवसाला एक भेट परवडत नाही, असं तिचं गणित. हा दुसरा कारखाना होता आणि तिसऱ्या ठिकाणी चारला पोचायचं होतं. फोरमन सोबत उभा होता.

“काय म्हणतोय आज हा?” कानवाल्यांनी विचारलं.

पंखेवाल्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. त्याने आधी फोरमनकडे पाहिलं, मग मागे गठ्ठे बांधणाऱ्या सात-आठ जणांकडे पाहिलं. ते हात थांबवून इकडेच बघत होते.

“काही नाही साहेब. गोड चाललाय.”

कानवाल्यांनी ती नजर पाहिली. तिचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळायला हवा होता? पंखा थांबला की वाळवणी थांबते, वाळवणी थांबली की गठ्ठे थांबतात आणि रोजंदारीची माणसं दुरुस्ती होईपर्यंत घरी बसतात. गिरणीत फिटर असताना त्यांनी स्वतः कितीदा तरी खराब आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, महिनाअखेर आहे म्हणून, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून. पण त्यांना त्या क्षणी ‘गोड चाललाय’ हेच ऐकायचं होतं. त्यांनी काठी लावली. डोळे मिटले. आत एक जाड, संथ, समाधानी गुरगुर होती. तेवढीच त्यांच्या वाट्याला उरली होती.

“छान आहे,” ते म्हणाले.

पंखेवाल्याने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मुलीने तो अहवाल त्याच संध्याकाळी पाठवला. ‘स्वतः ऐकून तपासले. आवाज स्वच्छ. पुढील भेटीपर्यंत चालवण्यास हरकत नाही.’

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बेअरिंग अडकलं, फिरता दांडा तुटला आणि पंख्याचं चाक जाळी फाडून बाहेर आलं. पंखेवाला ग्रीसची नळी घेऊन शेजारीच उभा होता. त्याचा उजवा हात कोपराच्या वर तुटला. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच गेला.

मालकाचा फोन तिसऱ्या दिवशी सकाळी आला. हल्ली फोन मुलगीच घ्यायची. ती ऐकता ऐकता खुर्चीवरून उठली आणि उभ्यानेच म्हणाली, “बाबा, तुम्हाला बोलावलंय.” ती एवढंच म्हणाली, पण तिचा चेहरा बघून कानवाल्यांनी लगेच चपला घातल्या.

मालक भला माणूस म्हणून ओळखला जायचा. त्याने कानवाल्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दार लावून घेतलं.

“जे व्हायचं ते झालं, कानसाहेब. तुमच्यावर माझा काडीचाही आरोप नाही.”

कानवाल्यांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

“सोमवारी सरकारी कारखाना निरीक्षक येणार. आमच्या वकिलांचं म्हणणं, तुमचा एक कागद हवा. त्या दिवशी तुम्ही त्याला विचारलंत ना, आवाज येतो का म्हणून?”

“विचारलं.”

“आणि तो नाही म्हणाला. फोरमन साक्षीला आहे. आणि आता बाकीचे कामगार सांगतायत की आवाज तुम्ही यायच्या आधीपासूनच होता, याला पक्का ठाऊक होता. म्हणजे लपवलंच ना त्याने? तेवढंच लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतच नाही.”

“मग त्याच्या भरपाईचं?”

“ते कायदा ठरवेल.” मालकाने टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. “स्वतःच धोका लपवला असेल तर मिळणार नाही, हे उघड आहे. पण माणुसकी म्हणून मी काहीतरी देईन. आणि हो, माझे आणखी दोन कारखाने आहेत. तिथलं कामही तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे. चोवीस होतील ना मग तुमचे?”

म्हणजे मालकाने त्यांचे करारसुद्धा मोजून ठेवले होते.

कानवाले तिथून निघाले ते दवाखान्यात गेले. का गेले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पंखेवाल्याच्या तोंडून एकदा ‘मी लपवलं’ असं निघालं तर लिहायला हात धजेल, असं काहीसं मनात असावं. वॉर्डात दुपारची झोप पसरली होती. पंखेवाल्याची बायको पायथ्याशी बसून संत्रं सोलत होती. यांना बघून ती उठली, खुर्ची पुढे सरकवली आणि औषधं आणायला म्हणून बाहेर गेली. चादर एका बाजूला सपाट पडली होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यांची नजर तिकडेच जात होती.

पंखेवाला पुटपुटल्यासारखा बोलायला लागला. कानवाले त्याच्या तोंडावर वाकले आणि ओठ बघत राहिले.

“साहेब, मी तुमच्याशी खोटं बोललो.”

“ठाऊक आहे.”

“आवाज येत होता. दाताखाली खडा आल्यासारखा. तुम्ही यायच्या आधी चार-पाच दिवस.”

“मग बोलला का नाहीस?”

“मागच्या वेळी पंखा थांबला तेव्हा अकरा दिवस सगळ्यांना घरी बसवलं. तेव्हाही मीच सांगितलं होतं. महिनाभर माझ्याशी कुणी बोललं नाही. या वेळी सगळ्यांनी आधीच दम भरला होता, तोंड उघडलंस तर बघ.” तो थांबला, त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “मी म्हटलं, आपण कशाला वाईट व्हायचं? साहेब काठी लावणारच आहेत. साहेबांना ऐकू येणारच. ते सांगतील, मग कुणाची बोलायची छाती होणार नाही. तुमच्या जिवावर खोटं बोललो मी.”

कानवाल्यांनी खुर्ची पलंगाला टेकेपर्यंत पुढे ओढली.

“आणि तुम्ही म्हणालात, छान आहे. तेव्हा मला वाटलं, माझेच कान वाजतायत. तुमच्या कानाला लागलं नाही म्हणजे नसणारच काही. तेव्हापासून मी तिकडे लक्षच द्यायचं सोडलं.” पंखेवाल्याने डावा हात उचलून त्यांचं मनगट धरलं. “मालकांना सांगू नका, साहेब. पोरं लहान आहेत माझी.”

कानवाले घरी पोचले तेव्हा मुलगी टेबलाशी होती. मालकाच्या कचेरीने मजकूर पाठवूनही दिला होता आणि तिने तो नीट मांडून ठेवला होता, खाली सहीची जागा सोडून. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. चारच ओळी होत्या.

“वाचा आणि सही करा, बाबा. मला हे आवडतंय असं नाही. पण यात खोटं काय आहे? तो तसं बोलला ना?”

“बोलला.”

“फोरमनने ऐकलं ना?”

“ऐकलं.”

“मग? आपण सही नाही केली तर निरीक्षक विचारणार, तुम्ही स्वतः ऐकून तपासलंत, मग तुम्हाला आवाज कसा आला नाही? काय उत्तर देणार आपण? एका महिन्यात बावीसचे शून्य होतील. मी पुन्हा नोकरी कुठे शोधू या वयात?”

तिच्या बोलण्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. बोळातलं शिलाई मशीन थांबलं होतं आणि बायको दारात येऊन उभी राहिली होती. कानवाल्यांनी खुर्ची ओढली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

“माझ्या मागे उभी राहा,” ते म्हणाले.

“कशाला?”

“राहा म्हणतो ना. आणि बोल काहीतरी.”

ते भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर कराराच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर होतं, बावीस कारखाने बावीस रंगांच्या पेनांनी लिहिलेले. ते वाट बघत होते. बराच वेळ गेला असं त्यांना वाटलं. शेवटी मागे वळून पाहिलं तर मुलीचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिचं तोंड अजून उघडंच होतं.

“बोललीस का?” त्यांनी विचारलं.

“हाका मारत होती तुम्हाला,” बायको दारातून, त्यांना ओठ दिसतील अशी, म्हणाली. “चारदा.”

मुलगी खाली बसली. रडली नाही. रडली असती तर कानवाल्यांना सोपं गेलं असतं.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“आई, तुला माहीत होतं?”

आईने पदराला हात पुसले, जे ओले नव्हते.

“दोन वर्षं मी लोकांना फोन करून तुमचा कान विकतेय, बाबा,” मुलगी म्हणाली. ती सावकाश बोलत होती, एक एक शब्द त्यांच्याकडे बघून. “त्या माणसाच्या कारखान्यालाही मीच विकला. करार तिथे जाऊन मीच करून आणला. मीटर आणूया म्हटलं तर माझ्या अंगावर ओरडलात. मला एकदा सांगायचंत. मी काय केलं असतं? घेतलं असतं मीटर, कार्डावरची एक ओळ बदलली असती. एवढंच होतं ते.”

“हो,” कानवाले म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज इतकी मोठी होती की तिच्यापुढे बावीस काय आणि चोवीस काय, सगळं फिकं झालं होतं. “आता मी सांगतो ते लिही.”

तिने पडद्यावरच्या चार ओळी पुसल्या. पहिल्या ओळीत नेहमीचं ‘स्वतः ऐकून तपासले’ आपोआप उमटलं, तेही पुसलं. कानवाल्यांनी सांगितलं आणि तिने एकही शब्द न बदलता उतरवून घेतलं. ‘मला दोन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत. डॉक्टरचा कागद सोबत जोडला आहे. त्या दिवशी मी काठी लावली, पण मला बिघाडाचा आवाज ऐकू आला नाही आणि येणारही नव्हता. तरी मी यंत्र चांगलं असल्याचं लिहून दिलं. ऑपरेटरने काय सांगितलं याचा यात संबंध नाही, कारण ऐकायचे पैसे मी घेतले होते, त्याने नाही.’

हत्यारांच्या पेटीतून रेघेचा कागद काढला तेव्हा त्याला ग्रीसचे डाग पडलेले होते. मुलीने तो पुसून जोडला. मग ती आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही.

पुढचं लांबण लावण्यासारखं नाही. त्या कागदाची प्रत कारखान्याकारखान्यांतून फिरली. कुणी करार मोडल्याचं पत्र पाठवलं, कुणी तेवढीही तसदी घेतली नाही. दोघा मालकांनी फोनवर शिव्या दिल्या, त्या मुलीने ऐकल्या. एकोणीस कारखान्यांनी मोठ्या कंपनीचं मीटर लावून घेतलं. कानवाल्यांवर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. मुलीला एका वाहतूक कंपनीत पूर्वीपेक्षा कमी पगाराची नोकरी लागली. ती बापाशी बोलते, नेहमी समोर येऊन आणि लागेल तेवढंच. शिलाई मशीन पुन्हा पुढच्या खोलीत आलंय आणि घर हल्ली त्याच्यावर चालतं. पंखेवाल्याला भरपाई मिळाली, पूर्ण मिळाली, आणि मालकाला त्याला फाटकावर बसवून घ्यावं लागलं. तिथे तो डाव्या हाताने आल्यागेल्याच्या वेळा लिहितो. अक्षर अजून वाकडं येतं म्हणतात.

एका दुपारी तो घरी आला. सुट्टीचा दिवस होता. कानवाले दारातच बसले होते. त्या काठीकडून ते आता चालायचं काम घेतात. त्यांना वाटलं हा आभार मानायला आला असेल, आणि ते कसे थांबवावेत याच्या विवंचनेत ते उठून उभे राहिले. पण पंखेवाला आभार मानायला आलेला नव्हता. तो त्यांच्या अगदी समोर येऊन थांबला. कुणीतरी त्याला सांगितलेलं दिसत होतं, या माणसाशी समोरून बोलावं लागतं.

“साहेब, तुमचा कागद निरीक्षकांनी मला वाचून दाखवला. एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“त्या दिवशी तुम्हाला खरंच तो आवाज ऐकू आला नव्हता? की माझी भरपाई जाऊ नये म्हणून तसं लिहिलंत?”

“खरंच आला नव्हता.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

पंखेवाला पायरीवर बसला. रिकामी बाही त्याने डाव्या हाताने मुठीत गोळा करून धरली.

“म्हणजे माझा कान बरोबर होता,” तो म्हणाला.

कानवाल्यांनी ते त्याच्या ओठांवरून नीट वाचलं, तरी त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला. मग कानवाले त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

“हो रे,” ते म्हणाले. “तुझाच बरोबर होता.”